बॅकरा : नऊच्या बेरजेचा खेळ आणि त्याची किंमत

पत्त्यांच्या बहुतेक खेळांत हाती आलेली पाने कशी खेळावीत याला महत्त्व असते. रमीत कोणते पान टाकावे आणि कोणते राखावे, ब्रिजमध्ये बोली कुठवर चढवावी, तीन पत्तीत डाव सोडावा की पुढे रेटावा, असे निर्णय खेळाडूला पदोपदी घ्यावे लागतात आणि त्या निर्णयांतूनच कसलेला खेळाडू नवख्यापासून वेगळा दिसू लागतो. बॅकरा हा खेळ मात्र या बाबतीत मुळातच निराळा आहे. आज जगभरच्या कॅसिनोंत त्याचे जे रूप खेळले जाते, त्यात पाने वाटण्यापूर्वी पैज कोणत्या बाजूवर आणि किती रकमेची लावायची एवढाच निर्णय खेळणाऱ्याच्या हाती असतो. पहिले पान पेटीतून बाहेर आल्यानंतर सर्व काही ठरलेल्या नियमांनुसार घडते. त्यामुळे बॅकराची मूलतत्त्वे शिकणे म्हणजे डावपेच शिकणे नव्हे, तर बेरजेचा एक नियम, तिसऱ्या पानाचा एक नियम आणि प्रत्येक पैजेची खरी किंमत समजून घेणे होय.

खेळाचा प्रवास

बॅकरा हे नाव फ्रेंच उच्चाराला धरून आहे. रोमन लिपीत त्याच्या शेवटी येणारे टकाराचे अक्षर उच्चारले जात नाही. एकोणिसाव्या शतकात फ्रान्समधील श्रीमंतांच्या बैठकींत आणि कॅसिनोंत हा खेळ रुजला आणि त्याची दोन रूपे विशेष प्रसिद्धीस आली. ‘बॅकरा बांक’ या रूपात एकच व्यक्ती किंवा संस्था बँक सांभाळते, म्हणजे इतरांच्या पैजा स्वीकारून जिंकणाऱ्यांना पैसे देण्याची जबाबदारी घेते. ‘शमँ द फेर’ या रूपात ती जबाबदारी टेबलाभोवतीच्या खेळाडूंकडे आळीपाळीने जाते. या नावाचा शब्दशः अर्थ लोहमार्ग असा आहे. इयान फ्लेमिंग यांच्या १९५३ मधील ‘कॅसिनो रॉयल’ या पहिल्या जेम्स बाँड कादंबरीतील निर्णायक सामना बॅकराचाच आहे, मात्र २००६ च्या चित्रपटात त्याच्या जागी पोकर आला.

या जुन्या रूपांत खेळाडूला थोडी मोकळीक होती. उदाहरणार्थ, शमँ द फेरमध्ये पहिल्या दोन पानांची बेरीज पाच आल्यास तिसरे पान घ्यायचे की नाही, हे खेळाडू स्वतः ठरवू शकतो. तिसऱ्या रूपाने, म्हणजे ‘पुंतो बांको’ने, ही मोकळीकही काढून घेतली. या रूपात बँक कायम कॅसिनोकडे असते आणि पान घेण्याचा प्रत्येक निर्णय नियमाने बांधलेला असतो. क्यूबातील हवाना येथे खेळले जाणारे हे रूप टॉमी रेन्झोनी यांनी १९५९ मध्ये लास व्हेगासच्या सँड्स हॉटेलात आणले, आणि आज बॅकरा म्हटले की बहुधा हेच रूप अभिप्रेत असते. त्याची खरी राजधानी मात्र पुढे मकाव ठरली. पोर्तुगीज अंमल संपून १९९९ मध्ये चीनकडे आलेल्या या शहरात २००२ मध्ये जुगार व्यवसायातील मक्तेदारी संपली आणि २००६ मध्ये मकावच्या जुगार-उत्पन्नाने लास व्हेगास स्ट्रिपला मागे टाकले. त्या उत्पन्नाचा बहुतांश भाग एकट्या बॅकरातून येत आला आहे.

टेबल, पेटी आणि दोन बाजू

बॅकराच्या टेबलावर कितीही माणसे बसलेली असली, तरी पाने फक्त दोन ठिकाणी मांडली जातात. त्या दोन बाजूंना ‘प्लेअर’ आणि ‘बँकर’ असे म्हणतात, आणि नवख्याचा पहिला गैरसमज याच नावांमुळे होतो. प्लेअर म्हणजे टेबलावर बसलेला खेळाडू नव्हे आणि बँकर म्हणजे कॅसिनोही नव्हे. ती केवळ दोन बाजूंची नावे आहेत, आणि खेळणारी व्यक्ती त्यांपैकी कोणत्याही बाजूवर पैज लावू शकते. तिसरी पैज बरोबरीची, म्हणजे दोन्ही बाजूंची बेरीज सारखी येईल यावर असते.

खेळासाठी सामान्यतः आठ कॅट, म्हणजे ४१६ पाने एकत्र पिसून, एका खेळाडूकडून ती काटून घेऊन, ‘शू’ नावाच्या लांबट पेटीत ठेवतात. पेटीतले पहिले पान उघडून त्याच्या किमतीइतकी पाने न वापरता बाजूला काढण्याची प्रथा आहे, आणि पेटीच्या शेवटाजवळ एक रंगीत पट्टी खोचलेली असते; ती बाहेर आली की पेटी संपत आल्याचे समजून पाने पुन्हा पिसली जातात. एका डावात चार ते सहा पाने लागत असल्याने पूर्ण पेटीतून साधारण ८० डाव निघतात.

पानांचे मोल

पानांचे मोल ठरवताना इस्पिक, बदाम, चौकट, किलवर हा भेद पाहिला जात नाही. एक्क्याची किंमत एक, दुर्रीपासून नव्वीपर्यंतच्या पानांची किंमत त्यांच्यावरील आकड्याइतकी, आणि दश्शी, गुलाम, राणी व राजा यांची किंमत शून्य. बेरीज दहा किंवा त्याहून अधिक झाली तर दहम स्थानचा अंक सोडून फक्त एकम स्थानचा अंक धरतात. म्हणजे सत्ती आणि अठ्ठी यांची बेरीज पंधरा नसून पाच होते, पंजी आणि पंजी यांची शून्य होते, आणि राजा व नव्वी यांची नऊ. नऊ ही सर्वांत मोठी बेरीज आहे, आणि जिची बेरीज नऊच्या अधिक जवळ ती बाजू जिंकते.

या नियमामागे एक सुंदर गणित दडलेले आहे. कॅटमधील तेरा प्रकारच्या पानांपैकी चार शून्य किमतीची असतात आणि एक ते नऊ या किमतींचे प्रत्येकी एकच पान असते. पेटी पुरेशी मोठी मानून पहिल्या दोन पानांच्या १६९ जोड्या मोजल्या, तर त्यांपैकी २५ जोड्यांची बेरीज शून्य येते, आणि एक ते नऊ या प्रत्येक बेरजेच्या वाट्याला नेमक्या सोळा सोळा जोड्या येतात. म्हणजे शून्य वगळता कोणतीही बेरीज दुसरीपेक्षा दुर्मीळ नाही. पहिल्या दोन पानांतच आठ किंवा नऊ झाले तर त्याला ‘नॅचरल’ म्हणतात, आणि तशी बेरीज कोणत्याही एका बाजूला आली की डाव तिथेच संपतो. जवळपास दर तीन डावांपैकी एका डावाचा निकाल असा पहिल्या चार पानांतच लागतो.

तिसऱ्या पानाचा नियम

नॅचरल आले नाही, तर प्रथम प्लेअर बाजूचा विचार होतो. तिची बेरीज शून्य ते पाच असेल तर तिला तिसरे पान मिळते. सहा किंवा सात असेल तर ती थांबते. त्यानंतर बँकर बाजूची पाळी येते. प्लेअरने तिसरे पान घेतले नसेल, तर बँकरलाही हाच साधा नियम लागू होतो, म्हणजे पाचपर्यंत पान घ्यायचे आणि सहा-सातवर थांबायचे. प्लेअरने तिसरे पान घेतले असेल, तर मात्र बँकरची कृती त्या पानाच्या किमतीवर पुढीलप्रमाणे अवलंबून असते.

- बँकरची बेरीज शून्य, एक किंवा दोन असेल तर तो नेहमी पान घेतो.
- बेरीज तीन असेल तर प्लेअरचे तिसरे पान अठ्ठी असल्यासच तो थांबतो, एरवी पान घेतो.
- बेरीज चार असेल तर प्लेअरचे तिसरे पान दोन ते सात किमतीचे असताना पान घेतो.
- बेरीज पाच असेल तर ते पान चार ते सात किमतीचे असताना पान घेतो.
- बेरीज सहा असेल तर ते पान सहा किंवा सात किमतीचे असतानाच पान घेतो.
- बेरीज सात असेल तर तो नेहमी थांबतो.

वरवर पाहता ही यादी पाठ करण्याखेरीज गत्यंतर नाही असे वाटते, परंतु तिच्यामागे स्पष्ट तर्क आहे. प्लेअरने तिसरे पान घेतले, याचा अर्थ त्याची मूळ बेरीज शून्य ते पाच यांपैकी होती. त्याला सत्ती मिळाली असेल तर त्याची अंतिम बेरीज सात, आठ, नऊ, शून्य, एक किंवा दोन होते, आणि त्यांपैकी पहिल्या तीन बेरजा बँकरच्या सहाला हरवतात. मूळ बेरीज शून्य असण्याची शक्यता इतरांहून अधिक असल्याने ही हार जिंकण्यापेक्षा अधिक संभवते, म्हणून सहा ही चांगली बेरीज असूनही बँकर पान घेतो. उलट प्लेअरला अठ्ठी मिळाली असेल तर त्याची अंतिम बेरीज आठ, नऊ, शून्य, एक, दोन किंवा तीन होते. अशा वेळी बँकरची अवघी तीन बेरीजसुद्धा हरण्यापेक्षा जिंकण्याच्या बाजूने झुकते, म्हणून तो तीनवर थांबतो. थोडक्यात, बँकर प्लेअरचे पान पाहून मगच वागतो, आणि नंतर वागणाऱ्याला मिळणारा हा लाभच या खेळाच्या साऱ्या हिशेबाचे मूळ आहे.

तीन नमुना डावांवरून हे नियम पक्के होतील. पहिल्या डावात प्लेअरकडे राजा आणि सत्ती, म्हणजे सात, आणि बँकरकडे नव्वी आणि अठ्ठी, म्हणजे सतरा, अर्थात सात. दोघेही थांबतात आणि बरोबरी होते. दुसऱ्या डावात प्लेअरकडे पंजी आणि नव्वी, म्हणजे चार. त्याला तिसरे पान अठ्ठी मिळून बेरीज दोन होते. बँकरकडे गुलाम आणि तिर्री, म्हणजे तीन. प्लेअरचे तिसरे पान अठ्ठी असल्याने तो थांबतो आणि तीन विरुद्ध दोन असा जिंकतो. तिसऱ्या डावात प्लेअरकडे दुर्री आणि राणी, म्हणजे दोन. त्याला छक्की मिळून आठ होतात. बँकरकडे चौकी आणि दुर्री, म्हणजे सहा; प्लेअरचे तिसरे पान छक्की असल्याने नियमानुसार तो पान घेतो, त्याला तिर्री मिळते आणि नऊच्या बळावर तो हरत आलेला डाव जिंकतो.

पैजेची खरी किंमत

आठ कॅटच्या खेळात बँकर ४५.८६ टक्के, प्लेअर ४४.६२ टक्के आणि बरोबरी ९.५२ टक्के वेळा येते. प्लेअरवरची पैज जिंकल्यास लावलेल्या रकमेइतकी रक्कम मिळते. बँकरवरची पैज जिंकल्यास मात्र मिळणाऱ्या रकमेतून पाच टक्के कमिशन कापले जाते, कारण ते कापले नाही तर बँकरवर सतत पैज लावणारा माणूस दीर्घकाळात कॅसिनोलाच तोट्यात घालील. बरोबरी झाली तर या दोन्ही पैजा परत मिळतात, आणि बरोबरीवर पैज लावणाऱ्याला सामान्यतः एकास आठ या दराने पैसे मिळतात.

या दरांवरून कॅसिनोचा सरासरी वाटा काढता येतो. म्हणजे दीर्घकाळ खेळल्यास लावलेल्या प्रत्येक शंभर रुपयांमागे किती रुपये कॅसिनोकडे राहतात, हे ठरवता येते. बँकरच्या पैजेवर हा वाटा १.०६ टक्के, प्लेअरच्या पैजेवर १.२४ टक्के आणि बरोबरीच्या पैजेवर तब्बल १४.३६ टक्के आहे. पहिल्या दोन पानांची जोडी जमेल, यावर एकास अकरा दराने घेतली जाणारी पैजही अशीच महाग असून तिच्यावर सुमारे १०.३६ टक्के वाटा जातो. काही टेबलांवर कमिशन घेत नाहीत. परंतु तिथे बँकर सहाच्या बेरजेने जिंकल्यास अर्धीच रक्कम देतात, आणि त्यामुळे बँकरच्या पैजेवरचा वाटा कमी न होता १.४६ टक्क्यांपर्यंत वाढतो.

एक टक्का हा आकडा ऐकायला किरकोळ वाटतो, आणि बॅकराचे खरे आकर्षण व खरा धोका याच ठिकाणी आहे. हा वाटा खिशातल्या रकमेवर नव्हे, तर फिरवलेल्या एकूण रकमेवर लागतो. समजा, एका बैठकीत ७० डाव झाले आणि प्रत्येक डावावर १,००० रुपये लावले, तर एकूण ७०,००० रुपये पणाला लागतात. बँकरवर खेळणाऱ्याचा सरासरी तोटा सुमारे ७४० रुपये, प्लेअरवर खेळणाऱ्याचा सुमारे ८६५ रुपये आणि बरोबरीवर खेळणाऱ्याचा १०,००० रुपयांहून अधिक होतो. एखाद्या संध्याकाळी यापेक्षा कितीतरी अधिक रक्कम जिंकता किंवा हरता येते. पण डावांची संख्या जसजशी वाढते, तसतसा प्रत्यक्ष निकाल या सरासरीकडे सरकत जातो.

‘रस्ते’ आणि दुपटीची पद्धत

बॅकराच्या टेबलाशेजारी मागील निकालांचे तक्ते झळकत असतात. मकावमध्ये त्यांना ‘रस्ते’ म्हणतात. त्यांतील मोठ्या रस्त्यावर बँकरसाठी लाल आणि प्लेअरसाठी निळी वर्तुळे स्तंभांत मांडलेली असतात, आणि लाल किंवा निळ्या रंगाची सलग रांग दिसली की खेळणारे त्या रांगेमागे धावतात. मागील निकालांवरून पुढचा निकाल कळतो, हा समज मात्र खरा नाही. पेटीतून गेलेल्या पानांचा पुढील शक्यतांवर परिणाम होतो हे खरे, पण तो अत्यंत क्षीण असतो. अमेरिकन गणितज्ञ एडवर्ड थॉर्प आणि विल्यम वॉल्डन यांनी पाने मोजण्याच्या शक्यतेचा अभ्यास करून १९६६ मध्ये जे विश्लेषण प्रसिद्ध केले, त्याचा मथितार्थ असा होता की, नॅचरलवरच्या काही पूरक पैजा पाने मोजून हरवता येत असल्या, तरी बँकर आणि प्लेअर या मुख्य पैजांवर व्यवहारात लाभ मिळत नाही.

दुसरा भ्रम पैज दुप्पट करत जाण्याचा आहे. प्लेअरवर १,००० रुपये लावावेत, हरल्यास २,०००, पुन्हा हरल्यास ४,००० लावावेत आणि जिंकताच १,००० रुपयांचा नफा घेऊन पुन्हा मूळ रकमेवर यावे, अशी ही पद्धत आहे. सलग सात डाव हरल्यास एकूण १,२७,००० रुपये जातात, आणि आठवी पैज १,२८,००० रुपयांची लावावी लागते. तेवढी रक्कम खिशात नसते किंवा टेबलावरील कमाल मर्यादा तिला अडवते. बरोबरीचे डाव सोडून पाहिल्यास सलग सात हरण्याची वेळ सरासरी दर ११६ प्रयत्नांत एकदा येते. म्हणजे उरलेल्या ११५ प्रयत्नांत मिळालेले १,१५,००० रुपये त्या एका प्रयत्नात जातातच, शिवाय आणखी १२,००० रुपये पदरचे जातात. पैजांचा क्रम कसाही बदलला तरी प्रत्येक पैजेवरचा वाटा बदलत नाही, म्हणून पैजांचे कोणतेही वेळापत्रक या खेळाला हरवू शकत नाही.

लबाडीच्या वाटा

ज्या खेळात कौशल्याला जागा नाही, तिथे लाभ मिळवू पाहणारा माणूस पैजेवर किंवा पानांच्या पाठीवर नजर ठेवतो, असे इतिहास सांगतो. इंग्लंडमधील ट्रॅनबी क्रॉफ्ट या वाड्यात सप्टेंबर १८९० मध्ये झालेल्या बैठकीत सर विल्यम गॉर्डन-कमिंग या सेनाधिकाऱ्यावर निकाल कळल्यानंतर पैजेच्या रकमेत फेरफार केल्याचा आरोप झाला. त्यांनी १८९१ मध्ये बदनामीचा खटला भरला, त्यात पुढे सातवे एडवर्ड म्हणून राज्यावर आलेल्या युवराजांना साक्ष द्यावी लागली, आणि अखेर गॉर्डन-कमिंग तो खटला हरले.

२०१२ मध्ये फिल आयव्ही या प्रसिद्ध पोकरपटूने लंडनच्या क्रॉकफर्ड्स क्लबमध्ये पुंतो बांको खेळून सुमारे ७७ लाख पौंड जिंकले. त्याची युक्ती अशी होती : काही पत्त्यांच्या पाठीवरील नक्षी दोन्ही कडांना अगदी सारखी नसते. ठरावीक मोलाची पाने डीलरकडून उलट्या दिशेला फिरवून घेतली, की पुढील फेऱ्यांत पेटीच्या तोंडाशी आलेले पान कोणत्या गटातील आहे हे पाठीवरूनच ओळखता येते. क्लबने पैसे देण्यास नकार दिला, आणि ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१७ मध्ये ही कृती फसवणूकच असल्याचा निर्णय दिला. खेळाच्या नियमांत राहून मिळणारा असा कोणताही लाभ बॅकराच्या मुख्य पैजांवर उपलब्ध नाही, हेच या प्रकरणातून अधोरेखित झाले.

भारतातील कायद्याची चौकट

भारतीय कायदा कौशल्याचे खेळ आणि नशिबाचे खेळ यांत फरक करतो. सर्वोच्च न्यायालयाने १९५७ च्या चमारबागवाला खटल्यात हा भेद मांडला आणि पुढे रमीत कौशल्याचे प्राबल्य असल्याचे मान्य केले. बॅकरा मात्र निखळ नशिबाचा खेळ असल्याने त्याला हे संरक्षण मिळत नाही. महाराष्ट्रात १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा लागू आहे. कॅसिनोंना परवानगी देऊ शकणारा १९७६ चा कायदा कधी अंमलात आलाच नाही आणि २०२३ मध्ये तो रद्द झाला. गोव्यात १९७६ च्या जुगार कायद्यात नंतर झालेल्या दुरुस्त्यांमुळे पंचतारांकित हॉटेलांत यंत्रांवरचे खेळ आणि जहाजांवर टेबलावरचे खेळ यांना परवान्याने मुभा मिळाली, म्हणून मांडवी नदीतील जहाजांवर बॅकराची टेबले दिसतात. २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या कायद्याने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर, मग ते कौशल्याचे असोत वा नशिबाचे, बंदी घातली आहे; त्यामुळे घरबसल्या बॅकरा खेळवण्याची जाहिरात करणारी संकेतस्थळे कायद्याच्या चौकटीबाहेर आहेत, हे वाचकाने पक्के ध्यानात ठेवावे.

बॅकराचे नियम तासाभरात शिकता येतात, आणि आगपेटीतील काड्यांना पैजा मानून एका कॅटवर ते घरी तपासूनही पाहता येतात. त्यातून बेरजेची गंमत कळेल, शक्यतांचे गणित कळेल आणि बरोबरीची पैज कधीही लावू नये हेही कळेल. परवान्याच्या टेबलावर कोणी बसलाच, तर गमावण्यास तयार असलेली रक्कम त्याने आधीच बाजूला काढावी आणि ती करमणुकीचा खर्च समजावी, उत्पन्नाचा मार्ग समजू नये. या खेळात दीर्घकाळ खेळून निश्चितपणे जिंकणारी बाजू एकच आहे, आणि ती प्लेअर नाही, बँकरही नाही. ती टेबलाची मालक आहे.